सिंक दाबलं म्हणजे फसवणूक नव्हे. पण सिंक फसतं

पत्र पनवेलजवळच्या एका गावातून आलं आहे. लिहिणारे २९ वर्षांचे, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. चुलत बहिणीची हळद सहा आठवड्यांवर आली आहे. काका बेंजो ठरवायला निघाले, तेव्हा "कशाला खर्च, मीच डीजे लावतो" असं हे बोलून बसले. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी लॅपटॉपवर ‘मिक्स’ (शेवटी तीन एक्स असलेलं, फुकटचं डीजे सॉफ्टवेअर) घेतलं आणि रात्री जेवणं झाल्यावर सराव सुरू केला. हिंदी रीमिक्स एकात एक छान मिसळतात, पण कोळीगीतं आली की सगळं बिघडतं. पाय ज्या गाण्यावर मिनिटाला १०० ने पडतो तिथे स्क्रीनवर १५० दिसतं, आणि सिंक (दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारं बटण) दाबलं की "स्वयंपाकघरात भांडी पडल्यासारखा" आवाज येतो. पुढचं गाणं हेडफोनवर आधी ऐकता येत नाही. जे स्पीकरवर तेच कानात. मध्येच चरचर होते ती वेगळीच. धंद्यात असलेला एक मित्र म्हणतो, "सिंक दाबणारा डीजे नसतो. कंट्रोलर घे, नाहीतर नाद सोड." कंट्रोलर (सॉफ्टवेअर हाताने चालवायची बटणं-चकत्यांची पेटी) हप्त्यावर मिळतोय, आईचा विरोध आहे. त्यांचे प्रश्न असे: कंट्रोलर घेऊ का? सहा आठवड्यांत सिंकशिवाय शिकता येईल का? की काकांकडे जाऊन मुकाट्याने बेंजो सांगायला सांगू?

आधी त्या मित्राच्या वाक्याचं बघू, कारण तुमचं निम्मं पत्र त्या वाक्याने घाबरून लिहिलेलं दिसतंय. हे म्हणणं तबकड्यांच्या काळातलं आहे. दोन टर्नटेबलांचा वेग तेव्हा हातानेच जुळवावा लागे, कारण दुसरा मार्गच नव्हता. आज सिंक वापरणारे धंदेवाईक डीजे भरपूर आहेत आणि अंगणात नाचणारा कोणी तुमच्या बोटांकडे बघत नसतो. ती लाज सोडून द्या. गंमत अशी की मित्र चुकीच्या कारणाने एका खऱ्या गोष्टीपाशी पोचलाय. तुम्ही जी गाणी लावणार आहात, त्यांतल्या बऱ्याच गाण्यांवर सिंक धड चालतच नाही.

ते का, हे समजलं की तुमची निम्मी डोकेदुखी जाईल. सिंक गाणं ऐकत नाही. ऐकण्याचं काम आधीच होऊन गेलेलं असतं, गाणं ॲनालाइझ झालं तेव्हा. त्या वेळी सॉफ्टवेअर ठोके शोधतं, बीपीएम (मिनिटाला किती ठोके) काढतं आणि वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या चित्रावर, उभ्या रेघा आखतं. हीच बीटग्रिड. नंतर सिंक दाबल्यावर एवढंच होतं: एका गाण्याचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याला लावला जातो आणि रेघेवर रेघ बसवली जाते. जुळतात त्या रेघा, गाणी नव्हेत. रेघ चुकीच्या जागी पडली असेल, तर सॉफ्टवेअर ती चूकही तितक्याच काटेकोरपणे जुळवून देतं.

कॉम्प्युटरवर बांधलेल्या रीमिक्समध्ये रेघा सहसा बरोबर पडतात, कारण ते गाणं मुळात ग्रिडवरच तयार झालेलं असतं. म्हणून तुमची हिंदी गाणी गुण्यागोविंदाने नांदतात. पण बेंजो पार्टीचं रेकॉर्डिंग घ्या, किंवा ढोलकी-ताशा प्रत्यक्ष वाजवून केलेलं जुनं कोळीगीत. वाजवणारे रंगात आले की लय चढते, कडव्याला किंचित उतरते. ‘मिक्स’ मात्र मूळ सेटिंगप्रमाणे अख्ख्या गाण्याला एकच वेग धरून चालतं. १३० बीपीएमला एक ठोका ४६१ मिलिसेकंदांचा. ग्रिड फक्त ०.१ बीपीएमने चुकली, तरी ४० सेकंदांत रेघ आणि खरा ठोका यांत ३० मिलिसेकंदांचं अंतर पडतं. तेवढ्यात कान म्हणतो, ‘हे दोन ठोके आहेत.’ तीन मिनिटांत हेच अंतर १४० च्या आसपास जातं. तुमची भांडी पडतात ती इथे.

उपाय दोन, आणि दोन्ही लागतात. प्रेफरन्सेसमध्ये बीट डिटेक्शनच्या पानावर वेग कायम आहे असं धरण्याची टिकमार्क असते. रीमिक्ससाठी ती राहू द्या. प्रत्यक्ष वाजवलेल्या गाण्यांपुरती ती काढा आणि तेवढी गाणी पुन्हा ॲनालाइझ करा; मग रेघा गाण्याच्या चढउताराबरोबर सरकतात. मात्र अशा गाण्याबरोबर सिंक लावून ठेवलंत, तर जोडीच्या गाण्याचा वेगही त्याच्यामागे हलत राहतो आणि तिथला गायक दम लागल्यासारखा ऐकू येतो. म्हणून दुसरा उपाय: अशी दोन गाणी एकमेकांवर आठ ठोक्यांपेक्षा जास्त ठेवूच नका. नवं आलं, जुनं गेलं. हळदीत लांबलचक मिसळणीची फर्माईश कोणी करत नाही. लोकांना पुढचं गाणं हवं असतं, आणि लगेच हवं असतं.

आता १५० आणि १००. तुमचा पाय बरोबर आहे, स्क्रीन चूक. बहुतेक कोळीगीतं सहाच्या चालीत असतात. दादरा आठवा: धा धी ना, धा ती ना. तीन-तीनचे दोन गट, प्रत्येक गटाला पाय एकदा पडतो. मिनिटाला असे १०० गट म्हणजे ३०० मात्रा. सॉफ्टवेअरला बहुतेक वेळा चारची चाल अपेक्षित असते, म्हणून ते त्याच ३०० मात्रा दोन-दोनच्या गटांत मोजतं आणि १५० सांगतं. वरच्या पट्टीत झांजा किंवा खुळखुळा जोरात असला, की ही चूक हमखास होते. गाण्यावर राइट क्लिक करून बीपीएमच्या मेनूत जा. तिथे दुप्पट आणि निमपट यांच्या जोडीला २/३, ३/४, ४/३ आणि ३/२ असे पर्याय आहेत. २/३ निवडलं की १५० चे १०० होतात. नंतर त्याच मेनूत बीपीएम लॉक करा, नाहीतर पुढच्या वेळी ॲनालिसिस चालवलंत की तुमची दुरुस्ती पुसली जाईल. आकडा बरोबर पण रेघा समेवर नाहीत, असंही होतं. तेव्हा गाणं समेच्या ठोक्यावर नेऊन थांबवा आणि ग्रिड त्या जागेला जुळवण्याचं बटण दाबा.

हे सगळं नीट केलंत, तरी एक अडचण उरते, आणि ती सॉफ्टवेअरची नाही. १०० चं कोळीगीत आणि १०० चं चारच्या चालीतलं रीमिक्स एकत्र लावा. आकडे सारखे, रेघेवर रेघ, आणि तरी खडखडाट. पाय एकाच जागी पडतात, पण एका गाण्यात दोन पावलांच्या मधली जागा तीन भागांत वाटलेली असते, दुसऱ्यात दोन किंवा चार. ढोलकीचं बोट पडतं तिथे रीमिक्सची झांज (हायहॅट) पडत नाही. कितीही महागडा कंट्रोलर घेतलात तरी हे भांडण मिटणार नाही. ते टाळायचं असतं. सहाच्या चालीची सहा-सात गाणी सलग लावा, मग चारची. दोन गटांमधला सांधा एकदाच येतो, त्यासाठी आधीच जागा हेरून ठेवा: जिथे ताल थांबतो आणि नुसता गळा असतो, किंवा कोरसची आरोळी असते. आरोळीच्या शेवटच्या अक्षरावर एका ठोक्याचा इको लावा, फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढा आणि नवं गाणं समेपासून सोडा. अंगणातले लोक त्या अर्ध्या सेकंदाच्या पोकळीत उलट ओरडतात.

म्हणजे सहा आठवड्यांत शिकायचं काय? सिंकशिवाय सगळं वाजवायचं, हे ध्येय नको. सिंक फसतंय हे कानाला कळावं आणि ते हाताने सावरता यावं, एवढं पुरे. त्यासाठी रोज १५ मिनिटांचा एकच व्यायाम करा. एकच रीमिक्स दोन्ही डेकवर (स्क्रीनवरच्या दोन प्लेअरवर) घ्या. सिंक बंद. दुसऱ्या डेकचा टेम्पो स्लायडर डोळे मिटून थोडा हलवा आणि वेव्हफॉर्म न बघता, नुसतं ऐकून तो परत जुळवा. ठोके सुटले की टांग्याच्या घोड्याच्या टापांसारखा आवाज येतो, टप-टप, टप-टप. दुसरं गाणं पुढे पळतंय की मागे पडतंय हे ओळखणं सुरुवातीला जड जातं. अंदाजाने एका बाजूला ढकला. टापा जवळ आल्या तर बाजू बरोबर. पिच बेंडची बटणं दाबून धरली तेवढ्यापुरताच वेग बदलतो, सोडली की पूर्ववत होतो. हात त्यांवर बसवा. पहिला आठवडा चिडचिडीत जाईल. तिसऱ्या आठवड्यात पहिल्या चार ठोक्यांतच कळायला लागलं, तर समजा गाडी रुळावर आहे.

टेम्पो स्लायडरबद्दल थोडं जास्त, कारण इथे बरेच नवखे घसरतात. ‘मिक्स’मध्ये तो सुरुवातीला वर-खाली ८ टक्क्यांचा असतो. ९६ चं गाणं १०० वर न्यायला ४.२ टक्के लागतात, ते खपून जातं. कीलॉक बंद असेल तर वेगाबरोबर पट्टीही चढते: सुमारे ६ टक्क्यांना एक स्वर, म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेत काळी चारची पांढरी सहा. कीलॉक चालू केलं तर पट्टी तीच राहते, पण आवाज ताणला जातो. ताशाच्या कडक ठोक्याची धार बोथट होते, गळ्याला लोखंडी डब्यातून आल्यासारखी छटा येते. साधारण ५-६ टक्क्यांच्या पुढे हे जाणवतं. ‘मिक्स’मध्ये कीलॉकसाठी साउंडटच आणि रबरबँड असे पर्याय आहेत, रबरबँड जास्त चांगलं, पण प्रोसेसरवर जास्त भार टाकतं. त्यापेक्षा गाणी वेगाच्या चढत्या क्रमाने मांडणं केव्हाही स्वस्त. ९६, ९८, १०१, १०४ अशी उतरंड असली की कोणत्याही गाण्याला साधारण ३ टक्क्यांपेक्षा जास्त ताण द्यावा लागत नाही. सॉफ्टवेअर गाण्याची ‘की’ (पट्टी) सांगतं, तिच्यावर मात्र फार विसंबू नका. त्याला फक्त मेजर आणि मायनर कळतं, आणि जुन्या रेकॉर्डिंगचं ट्युनिंग दोन स्वरांच्या अधेमधे असतं.

हेडफोनचं कोडं सोपं आहे. लॅपटॉपला आवाज बाहेर काढायचा रस्ता एकच: एक स्टिरिओ जोडी. लोकांना एक आणि तुम्हाला वेगळं ऐकवायचं, तर दोन जोड्या हव्यात. एखादं साधं यूएसबी साउंड कार्ड घ्या. प्रेफरन्सेसमधल्या साउंड हार्डवेअरच्या पानावर मेन आउटपुट यूएसबी कार्डाला द्या आणि हेडफोन लॅपटॉपच्या स्वतःच्या जॅकला. उलट करू नका. लॅपटॉपच्या जॅकमधून चार्जरची घूंऽऽ अशी गुणगुण येते. ती तुमच्या कानात राहिलेली बरी, टॉपमधून (मोठ्या स्पीकरमधून) अख्ख्या गावाला नको. दोन कार्डांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात, म्हणून त्याच पानावर एकापेक्षा जास्त कार्डांच्या जुळवणीचा पर्याय आहे. तो मूळ जागी, जास्त विलंबाच्या सेटिंगवरच राहू द्या. आणि ब्लूटूथ हेडफोन अजिबात नको. त्यांत आवाज सहज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे तुमच्या कानात जुळलेलं गाणं अंगणात जुळलेलं नसतं. ‘कितीही जुळवा, बाहेर चुकतंच’ अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी आधी आपला हेडफोन बघावा.

चरचर होते, कारण ठरलेल्या वेळेत प्रोसेसर आवाजाचा पुढचा घास तयार करू शकत नाही. या घासाला बफर म्हणतात. ४४१०० हर्ट्झला ५१२ फ्रेमचा बफर ११.६ मिलिसेकंदांचा, १०२४ चा २३ चा. कोणीतरी कुठेतरी ‘लेटन्सी (आवाजाचा विलंब) कमी ठेवा’ सांगतं म्हणून लोक तो ५ वर नेऊन ठेवतात आणि मग लॅपटॉपला शिव्या देतात. तुम्ही स्क्रॅचिंग करणार नाही. २३ तुम्हाला पुरे. विंडोजवर साउंड एपीआयच्या जागी एमएमई किंवा डायरेक्टसाउंड असेल तर वासापी निवडा. साउंड हार्डवेअरच्या पानावर बफर किती वेळा उपाशी राहिला याचा आकडा दिसतो. अर्धा तास वाजवून तो बघा. वाढत असेल तर बफर आणखी एक पायरी वाढवा. मग वायफाय बंद, पॉवर प्लॅन सगळ्यात वरच्या ताकदीवर, अँटिव्हायरसचं ठरलेलं स्कॅन पुढे ढकललेलं. विंडोजचे टिंग-टिंग आवाजही बंद करा, नाहीतर नवरीच्या एंट्रीला बॅटरी कमी असल्याची वर्दी टॉपमधून जाईल.

कंट्रोलर. आई बरोबर आहेत; निदान या हळदीपुरत्या तरी. तुमच्या अडचणी चार: चुकलेली ग्रिड, सहा-चारचं भांडण, हेडफोन, चरचर. कंट्रोलर यांतली फक्त तिसरी सोडवतो, आणि तीही साउंड कार्ड त्याच्या पोटात असेल तरच. सगळ्यांत नसतं. पायोनियरच्या डीडीजे-२०० मध्ये नाही, तिथे वेगळी वायर लावून एका जोडीचे दोन तुकडे करावे लागतात. डीडीजे-एफएलएक्स४ मध्ये आहे. पुढेमागे घ्यालच तेव्हा तीन गोष्टी बघा: हेडफोनचा वेगळा आउटपुट, मेनसाठी आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांचं) किंवा त्याहून दणकट सॉकेट, आणि तुम्ही वापरता त्या सॉफ्टवेअरमध्ये त्या मॉडेलचं तयार मॅपिंग (कोणत्या बटणाने काय व्हायचं याची जोडणी). सोबत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मर्यादाही आधी वाचा. सेराटो डीजे लाइट फुकट असतं, पण त्यात आपला सेट रेकॉर्ड करता येत नाही, आणि शिकणाऱ्याला रेकॉर्डिंगशिवाय गत्यंतर नाही. ‘मिक्स’मध्ये ते आहे. रोजचा सराव रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाताना ऐका. रात्री झकास वाटलेलं सकाळी कसं वाटतं ते कळेल. पेनड्राइव्हवरून फिरणारी व्हर्च्युअल डीजेची क्रॅक कॉपी मित्र देईल, ती घेऊ नका. नेमकी कार्यक्रमात बंद पडणारी आणि सोबत व्हायरस आणणारी गोष्ट कशाला? त्याच सॉफ्टवेअरची घरगुती वापराची आवृत्ती फुकट मिळते.

तोवर कीबोर्ड. ऑप्शन्समध्ये कीबोर्ड शॉर्टकट चालू केले की डी ने डावा डेक सुरू होतो आणि एल ने उजवा. बाकीची बटणं तुमच्या हाताला येतील तशी. कीबोर्डवर एक गोष्ट खरंच जमत नाही: दोन फेडर एकाच वेळी हळूहळू हलवणं. पण तुम्हाला आठ ठोक्यांत काम उरकायचंय, म्हणून फार अडत नाही.

खरा वेळ द्यायचा तो गाण्यांना. चार तासांचा कार्यक्रम आणि गाणं सरासरी साडेतीन मिनिटं धरलं तर ६८-७० गाणी लागतात. हजार गाण्यांचा गठ्ठा नको. १०० निवडा आणि ती शंभरही पाठ करा. प्रत्येक गाण्यावर तीन हॉट क्यू (थेट त्या जागी उडी मारायच्या खुणा) टाका: पहिली सम, गळा सुरू होतो ती जागा, आणि बाहेर पडायची जागा. बऱ्याच कोळीगीतांत सुरुवातीला ताल नसलेली लांब आळवणी असते. ती कुठे ठेवायची आणि कुठे उडी मारून थेट समेवर यायचं, हे आत्ता घरी ठरवा, मंडपात नाही.

फाइल कुठून आणता हेही महत्त्वाचं. व्हिडिओवरून उतरवलेली १२८ केबीपीएसची एमपी३ फोनवर बरी वाटते. त्यात साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलेलं असतं, आणि झांजांची पाण्यात बुडाल्यासारखी सळसळ मोठ्या टॉपवर लपत नाही. अशी फाइल ३२० ला बदलून काही परत येत नाही. तांदळात पाणी वाढवलं म्हणून भात वाढत नाही. विकत घेतलेली ३२० ची फाइल मिनिटाला २.४ एमबी घेते, पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी. १०० गाणी सव्वा जीबीच्या आत बसतात. तेव्हा जागेचं कारण सांगू नका. सगळी गाणी लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर ठेवा, वेगळी प्रत पेनड्राइव्हवर आणि तिसरी फोनमध्ये. मंडपातल्या इंटरनेटवर भिस्त नको.

जुनी आणि नवी गाणी एकाआड एक लावली की आवाज कधी पडतो, कधी अंगावर येतो. ‘मिक्स’ ॲनालिसिसच्या वेळी रिप्लेगेन मोजून गाणी साधारण एका पातळीला आणतं, ते बंद करू नका. तरी मुख्य मीटरवर नजर हवी: पिवळ्यापर्यंत ठीक, लाल नको. लाल गेलं की आवाज वाढत नाही, फाटतो, आणि फाटलेला आवाज साउंडवाल्याने पुढे कितीही सावरला तरी सांधला जात नाही. कमी पडतोय असं वाटलं तर त्याला सांगून त्याच्या मिक्सरवर वाढवून घ्या. दोन गाणी एकत्र असतील तेव्हा येणाऱ्या गाण्याचा लो (बेसचं बटण) पूर्ण खाली ठेवा आणि समेवर अदलाबदल करा. दोन बेस एकमेकांवर चढले की टॉपमधला गळा ऐकूच येत नाही.

साउंडवाल्याशी आठवडाभर आधी बोला आणि त्याच्या मिक्सरला कोणती पिन लागते ते विचारा. यूएसबी कार्डातून ईपी (हेडफोनची छोटी) पिन निघते, त्याच्याकडे पी-३८ (जाडी) किंवा कॅनन (माइकची तीन खिळ्यांची) असणार. ईपीवरून दोन मोनो पी-३८ अशी केबल स्वतःची घ्या, एक नाही, दोन. ईपी पिन हलली की एक बाजू जाते, म्हणून केबल टेबलाच्या पायाला चिकटपट्टीने बांधा. गुणगुण आलीच तर आधी चार्जर काढून बघा. थांबली, तर डीआय बॉक्स (मध्ये लावून गुणगुण तोडणारी डबी) मागा, आणि नसला त्याच्याकडे, तर बॅटरीवर चालवून जेवणाच्या वेळी चार्ज करा.

हळदीची रात्र लांबते, म्हणून हे आधीच घरात बोलून ठेवा: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, रात्रीची ४५. बेंजोचा ॲम्प्लिफायरही यातच आला, तेव्हा ‘डीजे नको, बेंजो ठेवू, म्हणजे पोलिस येणार नाहीत’ हा काकांचा हिशेब असेल तर तो चुकतो. कार्यक्रम संध्याकाळी ६ ला सुरू करा. तुमचे चार तास त्यात बसतात. गाण्यांच्या परवान्याची मात्र इथे चिंता नको. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधल्या धार्मिक समारंभांच्या अपवादात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ येतात. तो अपवाद सोसायटीच्या ३१ डिसेंबरच्या पार्टीला लागू नाही, हे पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवा. आणि टॉपच्या थेट समोर टेबल मांडू नका. १०० डेसिबलला १५ मिनिटं ही कानांची दिवसभराची मर्यादा मानतात. टॉपच्या मागे, बाजूला बसा आणि हेडफोन एकाच कानावर ठेवा.

राहता राहिले काका. डीजे किंवा बेंजो, अशी निवड तुमच्यापुढे आहे असं तुम्ही धरून चाललात. तसं कोणी म्हटलेलं पत्रात तरी दिसत नाही. हळद लागताना बेंजो असू द्या, तासभर. म्हाताऱ्या माणसांना तेच हवं असतं, आणि त्यांच्याच समोर तुमची पहिली परीक्षाही टळते. उरलेले तीन तास तुमचे. ७० च्या ऐवजी ५२-५३ गाणी लागतील आणि खर्चही अर्ध्या रात्रीच्या बेंजोपेक्षा कमी होईल. काकांना असं सांगून बघा.

सांधा तेवढा सांभाळायचा. बेंजोवाले शेवटचा तुकडा चढ्या लयीत संपवणार, १३० ला, कदाचित त्याच्याही पुढे. तो चालू असताना घड्याळावर १५ सेकंद पावलं मोजा आणि चारने गुणा. त्या आकड्याच्या जवळचं, सहाच्याच चालीतलं आणि आळवणीने सुरू होणारं गाणं डेकवर तयार ठेवा. असं एक-एक गाणं ११०, १२० आणि १३० च्या आसपासचं घरूनच वेगळ्या प्लेलिस्टमध्ये काढून न्या. बेंजोचा शेवटचा ठोका पडला, लोक टाळ्या वाजवतायत, तेवढ्यात आळवणी सोडा. तिला ताल नसतो, त्यामुळे जुळवायचं काहीच नसतं, आणि सम येईपर्यंत साउंडवाल्याला बेंजोचे माइक बंद करायला वीसेक सेकंद मिळतात.